एकोणचाळीस तक्रारी

सिरिल ऑटवे अकरा वर्षं बेनारोयात राहत होता आणि गावात त्याच्या नावाचा एकही कागद नव्हता. याचा त्याला फार अभिमान होता.

हे शहाणपण त्याला लायनेलच्या बारमध्ये मिळालं होतं. तिथे रोज सकाळी सात-आठ निवृत्त इंग्रज जमत आणि स्पेनच्या उन्हात बसून इंग्लंडच्या हवेला नावं ठेवत. "नाव कुठं लागू द्यायचं नाही," लायनेल सांगायचा. "नगरपालिकेच्या यादीत गेलास की कर आला, फॉर्म आले. आपण नामानिराळं राहायचं." सिरिलने वॉल्सॉलच्या बस डेपोत चाळीस वर्षं फॉर्मच भरले होते. त्याला हे इतकं पटलं की त्याने घरसुद्धा तोंडी बोलीवर भाड्याने घेतलं. विजेचं बिल घरमालकाच्या नावावर, भाडं रोख, आणि औषधपाणी वर्षातून एकदा इंग्लंडला जाऊन. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

पुढे ब्रेक्झिट आलं. बारमधल्या निम्म्या मंडळींनी ते झालंच पाहिजे म्हणून टेबलं बडवली, कारण इंग्लंडमध्ये म्हणे फार परके लोक येऊन राहिले होते, आणि मेले भाषासुद्धा शिकत नव्हते. सिरिलनेही मान डोलावली. मग त्याने बोटाने खूण करून आणखी एक कॉफी मागवली.

२०२२च्या वसंतात तो पुतण्याच्या लग्नाला वॉल्सॉलला जाऊन आला, तेव्हा विमानतळावर त्याच्या पासपोर्टवर शिक्का बसला. नव्वद दिवस, त्यापुढे राहायचं नाही. अकरा वर्षं जिथे तो अंथरूण घालत होता, तिथे तो आता पाहुणा होता.

"आता आपण सगळ्यांनी मिळून काहीतरी करायला हवं," तो बारमध्ये म्हणाला.

लायनेलने हळूच खिशातून स्वतःचं रहिवासी कार्ड काढलं. "बायकोने भरायला लावलं रे, मुदत होती तेव्हाच." मग दुसऱ्याने काढलं, तिसऱ्याने काढलं. नामानिराळा राहिला होता तो एकटा सिरिल.

त्याचं धाबं दणाणलं. वॉल्सॉलला त्याचं काय होतं? पुतण्याच्या घरातली एक अडगळीची खोली, तीही इस्त्रीच्या टेबलासकट. इथे दोन खोल्या होत्या, लिंबाचं झाड होतं, आणि अख्ख्या रखरखीत गावात कुणाकडे नसेल अशी दोन चादरींएवढी हिरवळ होती. तिचं बी त्याने इंग्लंडहून आणलं होतं. त्याला जायचं नव्हतं. ही गोष्ट त्याने आजवर कुणाला सांगितली नव्हती, पण त्याला इथेच मरायचं होतं.

तो नगरपालिकेत फेर्मिनकडे गेला. फेर्मिन तिथला चिटणीस, आणि त्याला बरं इंग्रजी येत असे.

"ब्रेक्झिट लागू झालं त्याच्या, म्हणजे वीस सालच्या डिसेंबरच्या, आधीपासून तुम्ही इथे राहता, असं दाखवणारा एखादा कागद?" फेर्मिनने विचारलं.

"नाही."

"करारनामा? दवाखान्याची चिठ्ठी?"

"नाही."

फेर्मिनने हात टेकले. मग एकदम काहीतरी सुचून तो हसत सुटला, आत गेला आणि एक जाडजूड फाईल घेऊन आला. "हे आहे. तुमच्याविरुद्ध."

एकोणचाळीस तक्रारी. प्रत्येकीवर तारखेचा गोल शिक्का, आणि सगळ्या शेजारच्या एन्कार्नाच्या. फेर्मिनने पहिली वाचून दाखवली. "चौदा नंबरच्या घरात राहणारे सिरिल ऑटवे हे इंग्रज गृहस्थ आठवड्यातून तीनदा, दुपारी ठीक तीन वाजता, सगळं गाव झोपलेलं असताना गवत कापायचं यंत्र चालवतात..."

सिरिलला हे फार लागलं. "अहो, पण तीनची वेळ मी मुद्दाम निवडली! तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कुणाला त्रास नको म्हणून!"

फेर्मिनने कपाळ टेबलावर टेकवलं. "चिटपाखरू नसतं, कारण ते झोपलेलं असतं."

"ती तर भिंतीवरून हात करायची मला. मीही हात करायचो."

"ती शिव्या द्यायची तुम्हाला."

"मग मला नोटीस का नाही पाठवलीत?"

"पाठवल्या की. घरमालकाला. तुमचं नाव आमच्या यादीत कुठे होतं?"

फाईल मिळणार होती, पण तक्रारी बाईंच्या. नकला द्यायच्या तर त्यांची सही हवी. म्हणजे एन्कार्नाच्या दारात जाणं आलं. अकरा वर्षांत सिरिलने त्या दाराची कडी वाजवली नव्हती.

एन्कार्ना अंगणात शेंगा सोलत बसली होती. सत्तरीची, बुटकी, काळा एप्रन. सिरिलने पाठ केलेली चार वाक्यं मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणून दाखवली. तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"म्हणजे मी सही केली तर तुम्ही राहणार, आणि नाही केली तर जाणार?"

"हो."

"दहा वर्षं मी अर्ज करकरून हात मोडून घेतले, आणि ते काम नुसतं गप्प बसून होणार होतं?"

"हो," सिरिल म्हणाला. खोटं बोलण्याइतकं स्पॅनिश त्याला येत नव्हतं. "मी पुन्हा तीनला कापणार नाही. मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं! मग मी भिंतीशी उभी राहून काय आरती म्हणत होते?"

तिने शेंगांची टरफलं झटकली. "नकलाबिकला काही नको. मी स्वतः येणार. माझे कागद मी परक्याच्या हातात देत नाही."

गुरुवारी फेर्मिनच्या गाडीतून तिघं प्रांताच्या ठिकाणी गेली. एन्कार्ना पुढे, फाईल तिच्या मांडीवर. सिरिल मागे, गुडघे हनुवटीला लावून. परदेशी लोकांच्या कचेरीतल्या अधिकारी बाईंनी चष्मा लावला आणि एकेक तक्रार वाचायला घेतली. सातव्या-आठव्या कागदाला त्यांचे ओठ थरथरू लागले. बाराव्याला त्यांनी रुमाल काढला.

"छान आहे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण वीस सालातली शेवटची तक्रार जूनची. त्यानंतर हे गृहस्थ निघून गेले नसतील कशावरून? आणि वर एकोणचाळीस लिहिलंय. इथे अडतीसच आहेत."

फेर्मिनने एन्कार्नाकडे पाहिलं. एन्कार्नाने पर्स घट्ट धरली.

"मावशी, द्या तो कागद."

"ती तक्रार नाही."

"मावशी."

तिने घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर टाकला, आणि खिडकीबाहेर बघू लागली. बाईंनी तो मोठ्याने वाचला.

"एकोणीस डिसेंबर दोन हजार वीस. चौदा नंबरचे सिरिल ऑटवे यांचं यंत्र सहा दिवस झाले वाजलेलं नाही. पडदे लावलेले आहेत. माणूस एकटा आहे. कृपया कुणालातरी पाठवून बघावं. मी सांगितलं असं सांगू नये."

फेर्मिन भाषांतर करायला वाकला. सिरिलने हात वर करून त्याला थांबवलं.

त्या डिसेंबरात वॉल्सॉलला त्याची बहीण मॉड गेली होती आणि कोरोनामुळे त्याला जाता आलं नव्हतं. तो सहा दिवस पडद्याआड खुर्चीत बसून होता. सातव्या दिवशी गावचा पोलीस दारात आला, तेव्हा त्याला वाटलं लॉकडाऊनची तपासणी असेल. दुसऱ्या दिवशी पायरीवर चण्यांच्या रश्श्याचं भांडं होतं. तेही त्याने नगरपालिकेच्या खाती जमा केलं आणि भांडं धुऊन पोलीसचौकीत नेऊन दिलं. ते भांडं कुणाचं होतं, हे त्याला आता कळलं. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि इतकं बरंही.

"हा पुरे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला. मग एक फॉर्म पुढे सरकवला. "एवढं भरा. इथे खाली, अडीअडचणीला कळवायची जवळची व्यक्ती."

सिरिलने लायनेलचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. मग सावकाश लिहिलं, एन्कार्ना. तिथे त्याचा हात थांबला.

"पूर्ण नाव लागेल," बाई म्हणाल्या.

तो खुर्चीत वळला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "तुमचं... आडनाव काय?"

एन्कार्नाने खिडकीवरून नजर काढली, त्याच्याजवळ आली आणि फॉर्मवर बोट ठेवलं.

"सोला बेरेंगेल. सावकाश सांगते, लिहा," ती म्हणाली. "तुमचं मी एकोणचाळीस वेळा लिहिलंय. एकदाही चुकलं नाही."