गाडी काय म्हणते

ब्रेकच्या पेडलवरचं ते काळं रबर डाव्या कडेला झिजून गुळगुळीत झालेलं, आणि त्यावर अण्णांची वहाण... नुसती टेकलेली, दाबत नसलेली, वळणाची वाट पाहणारी. मग वळण आलं, वहाण दाबली गेली आणि पुन्हा तो आवाज. बारीक, लांबट, कल्हईच्या पातेल्यात उलथनं घासावं तसा दातांच्या मुळांत शिरणारा. घाटाच्या कठड्याशी चरणाऱ्या दोन म्हशींनी माना वर केल्या.

"गाडी कशी गुमान उतरते बघ, चंदन," अण्णा समोर पाहत म्हणाले. "या खेपेचे लायनर लय गुणाचे निघाले."

चंदनबालानं खिडकीबाहेर पाहिलं. खाली पसरणीची शेतं, त्यांच्यापलीकडे वाई, आणि दूर धोमला बांधत असलेल्या धरणाची मातीची तांबूस भिंत — सगळं एका तिरप्या, पिकल्या उन्हात ठेवल्यासारखं. महाबळेश्वरचं लग्न आटोपून ते निघाले होते. वाईला मावशीकडे दिवस असताना पोहोचायचं होतं. जैनांच्या रीतीप्रमाणे सूर्य बुडाला की अण्णांच्या तोंडात घास जायचा नाही, आणि अण्णा उपाशी तर मावशीचं सगळं घर अवघडून बसायचं. म्हणून ही घाई. म्हणून घाटाच्या तोंडाशी ती म्हणाली होती, "थोडं थांबू या का?" — आणि अण्णांनी ते ऐकलंच नव्हतं. की ऐकून सोडून दिलं होतं? हल्ली हे दोन्ही सारखंच दिसतं.

आवाज ओळखायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हा जुनी मॉरिस होती, चंदन सहा-सात वर्षांची, पुढच्या सीटवर पाय अधांतरी. अण्णांचं बालपण अथणीकडचं, त्यामुळे मायेत आणि घाईत त्यांच्या तोंडी कानडी यायची. उताराला लागलं की काच खाली करून ते म्हणायचे, "केळू!" म्हणजे ऐक. तिला वाटे, केळं मिळणार. ती हात पुढे करी. मागे बसलेली आई पदर तोंडाला लावून हसे, "द्या की आवं लेकीला केळं, कवाचा हात पसरलाय तिनं!" आणि अण्णा गंभीरपणे, जणू बाजारातला माल पारखून दाखवावा तसे विचारत, "काय म्हणते गाडी?"

सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना चिरकून गप्प झाली, तर ते दवाचं. मनावर घ्यायचं नाही. दर ब्रेकला चिरकू लागली, तर लायनर पातळ झाले; सांगलीला गेल्यावर बघू. पण पेडल खाली खाली जाऊ लागलं, गाडी एका अंगाला ओढू लागली, आणि चिरकणं जाऊन खरखर आली... तर आतले रिबिट उघडे पडले, लोखंड लोखंडाला लागलं. मग एक वळणसुद्धा पुढं जायचं नाही. ती बरोबर उत्तर देई आणि अण्णा स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत. ऐकणं म्हणजे प्रेम करणं असं ती त्या वेळी समजून बसली, आणि नंतर कॉलेजात कितीही कविता वाचल्या तरी ती समजूत सुटली नाही.

पुढचं वळण. वहाण आता आणखी खोल गेली. आणि आवाज बदलला. बारीकपणा गळून पडला, खाली काहीतरी जात्यासारखं दळू लागलं.

सांगायला हवं. आत्ता, या वळणाला. घाटाचा निम्मा उतार अजून खाली होता, आणि ती पेडलकडे पाहत होती, आणि तरीही जीभ उचलत नव्हती. लायनर संपलेत हे सांगणं सोपं होतं. पण हा आवाज म्हशींना ऐकू येतो, अण्णा, तुम्हांला येत नाही — हे त्याच वाक्यात बसून बाहेर आलं असतं. सकाळी महाबळेश्वरला लग्नघरच्यांना घेऊन ते गाडी फिरवत होते तेव्हाच ती चिरकायला लागली होती. तेव्हापासून चंदन गप्प होती. ज्या माणसानं कान दिले त्याला कान गेल्याचं कसं सांगायचं?

"केळू," अण्णा एकदम म्हणाले. "काय म्हणते गं?"

गेल्या दिवाळीपासून त्यांनी हा जुना खेळ पुन्हा काढला होता. सव्विसाव्या वर्षी तो खेळताना तिला हसू येई, बरंही वाटे. म्हातारपणी माणसं मागं वळतात, असं तिनं मनाशी म्हटलं होतं. आता अण्णांनी मान वळवली, निमिषभरच, आणि तिच्या लक्षात आलं की ते तिच्या डोळ्यांकडे पाहत नव्हते. ओठांकडे पाहत होते.

म्हणजे तो खेळ नव्हता. ते विचारत होते. खरंच विचारत होते, गेलं सगळं वर्ष... आणि सांगलीच्या पेठेत, अण्णांच्या अडतीवर, कुणाला पत्ता लागला नव्हता, कारण हळदीच्या सौद्यात भाव बोलतच नाहीत. रुमालाखाली बोटं धरायची आणि काय ते समजून घ्यायचं.

"थांबवा," ती म्हणाली, आणि हातानंही तेच सांगितलं.

अण्णांनी गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला. गाडी कठड्यालगत घसटत उभी राहिली. इंजिन बंद झाल्यावर जळक्या लायनरचा उग्र वास आत आला.

"लायनर संपलेत, अण्णा. लोखंड लागतंय." प्रत्येक शब्द ओठांनी घडवावा लागत होता.

"कवापासनं?"

"सकाळपासनं."

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं. त्यांनी मांडीवरची टोपी उचलली, झटकली, घातली.

"तू गप हुतीस," ते म्हणाले, "म्हणून मी बिनघोर उतरत आलो."

त्यांनी दार उघडलं, आकाशाकडे पाहून दिवस किती उरलाय याचा अंदाज घेतला. "वरनं एस.टी. येईल, तिनं वाईला जाऊ. आधी डब्यातल्या पुऱ्या काढ. बुडायच्या आत दोन घास खाऊन घेऊ."

ते कठड्यावर शेजारी शेजारी बसले. मघापर्यंत तिला वाटत होतं, आपण अण्णांचं मन जपतोय. आता ओंजळ उघडून पाहावी तर तिथं अण्णांचं काहीच नव्हतं, होती ती फक्त तिची स्वतःची भीती. अण्णा शांतपणे चावत होते. दरीतून वारा वर येत होता, त्यात कुणी गुरांना घातलेली हाळी, खालच्या पाटाचं पाणी, तापलेल्या लोखंडाचं निवत जाणारं टिकटिक, कुठल्या तरी पाखराचं एकसुरी विचारणं... एवढं सगळं पूर्वीही असायचं? ती ऐकत राहिली, अण्णांच्या ओठांतल्या घासाकडे पाहत. यातलं सांगायचं कोणतं, आणि कोणतं नाही सांगितलं तरी चालतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.