अर्ध्या अंगाची हरणी

"हात ऊन ठेव, बेबे, अन् तोंड गार…" आईचा आवाज नेहमी असाच खांद्यामागून यायचा. आताही तो तसाच आला, तेव्हा बेबीबाई तेलाच्या वाटीत पडलेल्या गवताच्या काडीकडे पाहत होती. काडी तरंगत नव्हती, बुडतही नव्हती. एरंडेलाच्या दाट पिवळ्या अंगात मध्येच कुठेतरी अडकून राहिली होती. बोट घालून काढायची, एवढंच काम. पण बोट पुढे जात नव्हतं. आई जाऊन किती पावसाळे झाले, तिचा चेहरासुद्धा आता अर्धाच आठवतो — एक कान, कानातलं जड चांदीचं, गालावरचं गोंदण — आणि आवाज मात्र अजून अख्खा.

वाटीपलीकडे हरणी पडली होती. तातेरावांची तांबूस घोडी. गोठ्यात तिच्याखाली कडब्याचा जाड थर होता, कडब्यावर बारदान, आणि बारदानावर ती एका कुशीवर. ओढ्याच्या उतारावर तिचे मागचे पाय घसरले आणि ती बसली ती बसलीच. बैलगाडीत घालून तिला घरी आणलं. कळमनुरीहून जनावरांचे डॉक्टर आले, गुडघे टेकून बराच वेळ तपासत राहिले, आणि म्हणाले, "कमरेत मणका गेलाय. ही उठणार नाही. तिला त्रास देऊ नका. तुम्ही म्हणाल तेव्हा मी शेवटची सुई द्यायला येतो." तातेरावांनी त्यांना चहा पाजला, वेशीपर्यंत पोचवलं, आणि परत फिरताना घराकडे न वळता सरळ बेबीबाईच्या तांड्यावर आले. आजूबाजूच्या गावांत जनावराचं अंग धरलं, बैल लचकला, शेळी अडली, तर माणसं बेबीबाईकडेच यायची. दारात उभे राहून ते एवढंच म्हणाले, "बेबीबाई, डॉक्टर सुईचं बोलून राहिला. तू एकदा हात लावून बग."

तिनं हात लावला होता. कपाळापासून सुरुवात करायची — केसांच्या भोवऱ्यावर तळवा ठेवून नुसतं थांबायचं, जनावर उसासा टाकेपर्यंत. त्यानं उसासा टाकला की मान, मग खांदा. घाई करायची नाही; आपला श्वास त्याच्या श्वासाबरोबर बसू द्यायचा. खांद्यापर्यंत हरणी बोलत होती, बोटाखाली कातडी थरारत होती, कुठे दुखतं, कुठे बरं वाटतं, सगळं सांगत होती… आणि पाठीच्या मध्यावर, जिथे खोगिराचा मागचा काठ यायचा तिथे, अचानक ती बोलायची थांबली. बेबीबाईचा हात पुढे सरकला. पुढे ऊब होती, केस होते, मांस होतं. हरणी नव्हती. शेपटी हातात घेतली तर ओल्या दोरासारखी जड. खुराच्या वर चिमटा घेतला, कातडी हलली नाही. बेबीबाईनं मान वळवून घोडीच्या डोळ्यांत पाहिलं. हरणी शांतपणे तिच्याकडे बघत होती, जणू मागे काय चाललंय ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

डॉक्टर बराबर बोलले होते. हे तिला तेव्हाच कळलं.

"काय म्हनती घोडी?" तातेरावांनी विचारलं होतं. आणि तोंड गार ठेवलेल्या बेबीबाईनं म्हटलं होतं, "बगू, दादा."

मग तो शब्द तिथेच राहिला. ते रोज विचारायचे, ती रोज म्हणायची, खाऊन राहिली नं, दादा. कान टवकारले आज. आज पानी चांगलं पेली. यातलं एकही खोटं नव्हतं. खोटं बोलणं किती सोपं असतं, मागून निस्तरता तरी येतं. पण खऱ्या गोष्टी एकामागे एक ठेवून त्यांचा जो बांध घातला जातो, तो कसा फोडायचा?

गोठ्यात मरणाचं नाव काढायचं नाही, ही आईची शिकवण. जनावर ऐकतं, आणि ऐकलं की वाट पाहायला लागतं. पण तांड्याच्या जुन्या माणसांनी मुकेपणानंही सांगायची रीत काढली होती. पाठीवर ओझी लादलेले बैल घेऊन मुलूखभर फिरायचे ते दिवस. वाटेत एखादा बैल बसला की बायका त्याचं अंग चोळायच्या, आणि चोळणारीला जे कळायचं ते ती कुणाला बोलायची नाही. बैलाच्या गळ्यातली घंटा सोडायची, धन्याच्या पायाशी ठेवायची. धनी ती उचलून दुसऱ्या बैलाच्या गळ्यात बांधायचा. झालं. सगळ्या तांड्याला कळलेलं असायचं, आणि त्या बैलाला कुणी काही ऐकवलेलं नसायचं.

म्हणून हात लावला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बेबीबाईनं हरणीच्या गळ्यातली घुंगरमाळ सोडली होती. तातेराव ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. तिनं ती माळ दोन्ही हातांनी त्यांच्या पायाशी ठेवली आणि डोक्यावरची ओढणी सारखी करून उभी राहिली. घुंगरं अजून कानात वाजत होती.

तातेरावांनी माळ उचलली. "बरं केलंस," ते म्हणाले. "मानंला रुतत आसंल. मह्या ध्यानातच आलं न्हाई."

आणि संध्याकाळी ते चिंचेचा कोळ घेऊन एकेक घुंगरू घासत बसले. चकचकीत केली माळ, खुंटीला अडकवली. "ऐतवारी साधना येती सासरहून," असं म्हणाले, "तवा घालू."

मी सांगितलं होतं. माझ्या बाजूनं मी सांगून टाकलं होतं… ही एवढीच गोष्ट ती नंतर मनात घोळवत राहिली, ओढणीच्या गाठीतला दाणा चाचपावा तशी. पण सांगणाऱ्यानं सांगितलं आणि ऐकणाऱ्याला पोचलंच नाही, तर ते सांगणं कुणाचं? त्यांची रीत वेगळी, आपली वेगळी, हे इतक्या वर्षांत तुला ठाऊक नव्हतं का, बेबे? का ठाऊक होतं म्हणूनच तू माळ ठेवलीस, शब्द नाही?

"आलो, आलो," शेजारच्या रामजीचा आवाज आला आणि त्याच्यामागून आणखी गडी गोठ्यात शिरले. खांद्यावर दोर, बांबू. दुपारी हे रोजचं झालं होतं. हरणीच्या पोटाखालून बारदानाचा झोळ घालायचा, दोर आढ्यावरून घ्यायचे आणि ओढायचे. तिला उभं केलं तर पायांना उभं राहणं आठवेल, असं तातेरावांना कुणीतरी बाळापूरच्या बाजारात सांगितलं होतं.

"बेबीबाई, मही कंबरबी धर की एकदा," रामजी दोर सोडवत म्हणाला. "घोडीनं नशीब काढलं."

"तुला अजून दोन पाय फुटू दे, मंग धरते."

गडी हसले. तीही हसली. हात मात्र हरणीच्या मानेवर होता, कारण दोर ताणायला लागले की मानेतच सगळं यायचं. घोडा ओरडत नाही, बैलासारखा हंबरत नाही. त्याला दुखतं तेव्हा तो गप्प होतो, एवढंच. गड्यांनी "हं… हं…" करत ओढलं, हरणीचं धड वर आलं, पुढचे पाय थरथरत जमिनीला टेकले, मागचे दोन्ही लोंबत राहिले. तळव्याखाली मान आधी कडक झाली, मग तिच्यावर घाम फुटला, आणि तो घाम एरंडेलात मिसळून बेबीबाईच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"बग, उभी राह्यली," तातेराव म्हणाले. "काल यवढी न्हवती राह्यली."

रामजीनं बेबीबाईकडे पाहिलं आणि लगेच दोराकडे.

खाली ठेवल्यावर बारदानानं कुशीला घासलेलं दिसलं. कालची जखम आज अधिक उघडली होती. बेबीबाईनं हळद आणि तेल लावलं. लावताना हरणीला काही कळलं नाही, आणि काही कळत नाही यानंच बेबीबाईला भरून आलं. मग ती पुन्हा पुढे, कळणाऱ्या अंगाकडे आली. कपाळ, कानांची मुळं, जबड्याखालचा मऊ खळगा. तापलेली वीट फडक्यात गुंडाळून खांद्याला लावली. हरणीनं उसासा टाकला. डोळे अर्धे मिटले. थोड्या वेळानं तिनं तोंडाजवळचा घास ओढला आणि चावायला लागली.

"खाती बग," तातेराव घोडीपाशी येऊन बसलेल्या बायकोला म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बेबीबाईला पाहवेना.

कारण त्या क्षणी तिला उघड दिसलं… की हे माझ्या हातानं होतंय. मी चोळते म्हणून ती सैल होते, सैल होते म्हणून खाते, खाते म्हणून ह्यांना वाटतं उठेल, आणि उठेल म्हणून उद्या पुन्हा दोर. मी हात लावला नसता तर घोडीनं चारा सोडला असता, ह्यांनी डॉक्टरांना बोलावलं असतं, केव्हाच सुटली असती ती. मग हात लावू नको का? पण तिच्या अर्ध्या अंगाला तर अजून सगळं कळतं. त्या अर्ध्याला काय सांगू?

तातेराव गड्यांना चहाला घेऊन गेले. त्यांची बायको नर्मदाबाई हरणीच्या तोंडाशी बसून राहिली आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखं गुणगुणू लागली, जात्यावरच्या जुन्या चालीवर —

पहाटंच्या दळणाला हरणी कान देते थोडी
लेक सासरी निघाली, घोडी शीव न्हाई सोडी

"खरंच न्हवती सोडत," नर्मदाबाई म्हणाली. "साधनाची गाडी नांदेडच्या रस्त्याला लागली, अन् ही शिवंवर उभी. हे आनायला गेले तर हलंना. पोरीसारखी रुसली."

"व्हय, वैनी."

"बेबीबाई." नर्मदाबाईनं घोडीच्या कपाळावरची बट मागे सारली. "तुला काई बोलायचं हाय का?"

हा क्षण होता. वीट हातात होती, विटेची ऊब फडक्यातून तळव्यात येत होती. हरणीचा एक कान त्यांच्याकडे वळला.

"वीट गार झाली, वैनी. दुसरी आनते," बेबीबाई म्हणाली आणि उठली.

ती चुलीपाशी पोचते तोच ओट्यावर फोन वाजला. तातेराव फोनवर ओरडूनच बोलायचे, नांदेड लांब आहे म्हणून. "हां, बोल बेटा… चांगली हाय गं… आज उभी केली… मंग, बेबीबाईचा हात हाय… लेकराला आन संगं, त्याला घोडीवर बसवतो म्हनलं ना मी…" मग ते थांबले, ऐकत राहिले, आणि इकडेतिकडे पाहून त्यांची नजर बेबीबाईवर आली. "हा घे. तुह्यासंगंच बोलायचं म्हनती. हिचा बापावर इस्वासच न्हाई."

ती ओट्यावर आली. तेलकट हातात तो फोन निसटत होता. दोन्ही हातांनी धरून तिनं तो कानाला लावला.

"मावशी," साधना म्हणाली. आवाज बारीक, लांबचा. "बाबा काहीबी सांगून राह्यले. पोरगं सकाळपासून घोडी-घोडी करून राह्यलं. तुमी सांगा. तुमी म्हनाल ते मी खरं धरते."

तातेराव समोर उभे होते. त्यांचे हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मागे नर्मदाबाई येऊन दाराशी टेकली होती. आणि बेबीबाईच्या लक्षात आलं की इथं ओट्यावर हरणी नाही. इथं ऐकायला जनावर नाही. इतके दिवस जे जनावरासाठी झाकून ठेवलं असं ती समजत होती, ते झाकायला इथं काहीच नव्हतं, नुसती माणसं होती… आणि तरीही तोंड उघडत नव्हतं. मग ते कधी घोडीसाठी नव्हतंच. ह्या एका माणसाच्या तोंडाकडे आपल्याला बघवत नव्हतं, एवढंच होतं ते सगळं. एवढंसं. आणि त्याच्यासाठी हरणी रोज दोरांवर चढत होती.

"मावशी? हाय ना तुमी?"

"हाय, पोरी," बेबीबाई म्हणाली. तिला वाटलं होतं की बोलताना नजर खाली जाईल. पण ती तातेरावांवरच राहिली, आणि ती बोलली ती त्यांच्याशीच. "हरणी उठनार न्हाई. पयल्या दिशी हात लावला तवाच मला कळलं व्हतं. तिला आता दोर नका लावू, दादा. डॉक्टरला बलवा."