देल्फिन सरांचा सा

देल्फिन सर मनिलात संगीत शिकले, तिथे वाद्यवृंदही चालवायचे, पण वाजायचं ते दुसऱ्यांचं. घर भागेना म्हणून रियाधला आले आणि आमच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात चिकटले. तरी रचना करणं काही सुटलं नाही. कित्येक वर्षं फिलिपिनो नर्सेसना कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये जमवून ते त्यांच्याकडून हळू आवाजात गाऊन घ्यायचे. वाद्यं नाहीतच; तेव्हा इथे गाण्याबजावण्याला बंदी, बाहेर ऐकू गेलं तर पंचाईत. आता दिवस पालटले, शहरात तिकिटं लावून कार्यक्रम होतात. सरांनाही खराखुरा वाद्यवृंद मिळाला. स्वतःची रचना वाद्यांसकट ऐकायची त्यांची ही पहिली आणि शेवटची संधी, कारण पुढच्या महिन्यात ते निवृत्त होऊन कायमचे मायदेशी निघाले होते, आणि तिथे आता त्यांना कोण वाद्यवृंद देणार!

रचनेत आधी एकटा आवाज, मग कोरस, मग वाद्यं. तो एकटा आवाज माझा. मीही तिथे नर्स. वॉर्डात गुणगुणताना सरांनी मला पकडलं होतं. मी सांगलीत शास्त्रीय शिकलेली. त्यांचे ते टिंबाटिंबांचे कागद मला कुठले वाचायला येणार! मी आपलं सगळं सा रे ग म मध्ये बसवून घेतलं.

तालमीत पियानोचा सूर ऐकून मी सुरुवात करायचे. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र हातपाय गार पडले. अशा वेळी आपण गाणारी माणसं काय करतो? तंबोरा लावतो. मीही फोनवरचा तंबोरा कानाला लावून बसले, माझ्या काळी चारचा. सरांची रचना पांढरी सहाची, म्हणजे अर्धा सूर वर! स्टेजवर पियानोने सूर दिला, तो कानात शिरलाच नाही. डोळे मिटले आणि खुशाल माझा सा लावला.

कोरसमधल्या पोरी गुणी. त्या निमूटपणे माझ्याच पट्टीत आल्या. आता वाद्यं शिरली तर नुसता कलकलाट. मी घाबरून डोळे उघडले. सरांनी डावा तळहात वादकांकडे धरला होता, थांबा म्हणून. व्हायोलिनचे सगळे गज तसेच अधांतरी राहिले. अख्खी रचना आम्ही नुसत्या गळ्यांनी गायलो. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. या माणसाने जन्मभर ज्याची वाट पाहिली, त्यावर मी पाणी ओतलं होतं.

टाळ्या कडकडून पडल्या. सर माझ्यापाशी आले.

“सॉरी सर, माझ्यामुळे सगळं…”

“सिस्टर, इतकी वर्षं आम्ही असंच तर गायलो. तेही एकदा लोकांनी ऐकायला हवंच होतं.”

मग ते प्रेक्षकांकडे वळले. “घराघरांतून आम्ही हे असं गात आलो. आता जसं लिहिलंय तसं ऐका.”

माझ्या कानाशी त्यांनी हलकेच सूर गुणगुणला. मी या खेपेला डोळे मिटले नाहीत. माझा आवाज लागला, कोरस आला आणि मग सगळी वाद्यं एकदम उठली. सरांचा हात हवेतच थांबला. पुढचा ठोका द्यायचा राहूनच गेला. वादक त्यांच्याशिवायच पुढे गेले आणि सर नुसते ऐकत उभे राहिले.