आरशावरची टिकली

चौऱ्याऐंशी साली मी मुलुंडला फौजदार होतो. हल्लेखोर जवळ असला तर नेम धरायला वेळ नसतो. समोर बघायचं आणि बोट दाखवावं तसं रिव्हॉल्वर पुढे करायचं. घरी मी नुसत्या बोटाने सराव करायचो. माझी बायको सुगंधा कपाळावरची टिकली आरशाला लावून म्हणायची, "बोटाकडे काय बघता? टिकलीकडे बघा. चुकलात तर चहा नाही."

ती गेली आणि माझा हात थरथरू लागला. गोळीबाराच्या वार्षिक परीक्षेत नापास झालो तर रिव्हॉल्वर जमा होणार होतं. तिची शेवटची टिकली आरशावरच होती. रोज तिच्याकडे बघत बोट पुढे केलं आणि पास झालो.

मुलगी मीरा फडकं घेऊन आली. "बाबा, आता आरसा पुसू ना?"

"राहू दे गं. पुढच्या वर्षी पण परीक्षा आहे."