मिनिटाला सहा हंडे

भागाअक्काच्या भिंतीला पोट आलं ते आमच्या स्लॅबमुळे. आमच्या घरात हे सगळ्यांना मान्य होतं, फक्त कुणी मोठ्याने म्हणायचं नाही असा अलिखित ठराव होता.

झालं असं, की १९८७ साली आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एरंडोलचं आमचं मातीचं धाब्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं. आबा वीज मंडळात लाइनमन. तारा कशा ओढाव्यात हे त्यांना कळायचं, पण पाणी कुठे सोडावं हे त्यांनी गवंड्यावर सोपवलं. गवंड्याने बोळीच्या बाजूला दोन पन्हाळे ठेवले. बोळ दोन फुटांची, आणि पलीकडे भागाअक्काचं कच्च्या विटांचं घर. त्या ऑगस्टमध्ये सहाशे चौरस फुटांचं सगळं पाणी तिच्या भिंतीवर आपटलं आणि भिंत जमिनीपासून हातभर उंचीवर फुगली.

"पुष्पा," अक्का आईला म्हणाली, "मन्ही भितले सातवा महिना लागना. पुढला पावसाळामा ती बाळंत व्हई, आनि खाले मी आनि आमना नाना निजेल ऱ्हासूत."

"पानी वरतून पडस," आई म्हणाली. "त्याले मी काय करू?"

झालं. चौदा वर्षं एकाच खाटेवर शेवया वाळवणाऱ्या दोन बायका बोलेनाशा झाल्या. म्हणजे बोलायच्या, पण एकमेकींशी नाही. आई हंड्याला उद्देशून बोलायची, अक्का तिच्या कोंबड्यांना. दोन्ही बाजूंना सगळं नीट ऐकू जायचं.

पुढच्या एप्रिलमध्ये मी जळगावहून बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन घरी आले. विषय पदार्थविज्ञान. गल्लीत मला अजूनही बेबी म्हणत. मी बोळीत उकिडवी बसून भिंत पाहिली. अक्काचे यजमान झुलाल नाना दिवाळीनंतर पक्की भिंत बांधणार होते. म्हणजे हिला फक्त एक पावसाळा काढायचा होता. मी सार्वजनिक नळावर, सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "अक्का, यंदा तुमच्या भिंतीला आमचं पाणी लागणार नाही."

अक्काने हंडा खाली ठेवला. "बेबी, तू शिकेल शे, मी धरी चालस. पन भित पडनी, तं मी तुमना घरमा येसू नि पुष्पाना बाजूले निजसू. दिवाळीपावत."

"ती घोरस," आईने हंड्याला सांगितलं.

मी वही काढली. स्लॅब तीस फूट बाय वीस, म्हणजे छप्पन चौरस मीटर. पाऊस किती धरायचा? तहसील कचेरीत पर्जन्यमापक होता, पण तिथला कारकून चोवीस तासांत एकदाच आकडा लिहायचा. "तासाचा पाऊस?" तो म्हणाला. "ताई, तासातासाला भिजायला मला साडेसाती लागलीय का?" मग मी स्वतःच ठरवलं, तासाला शंभर मिलिमीटर. तेवढा पडला तर आमच्या स्लॅबवरून मिनिटाला त्र्याण्णव लिटर पाणी येणार. पंधरा लिटरचा हंडा धरला तर मिनिटाला सहा हंडे. हा आकडा सापडला तेव्हा मी एकटीच हसले. पाऊस आता आईलाही समजावता येणार होता.

दोन्ही पन्हाळ्यांखाली आमच्याच भिंतीला पत्र्याची अर्धगोल नाली लावायची, तीस फुटांत तीन इंच उतार द्यायचा आणि पाणी मागे परसात न्यायचं, असं ठरलं. एरंडोलला पत्रा तीन फुटांच्या तुकड्यांत वाकवून मिळायचा. म्हणजे नऊ जोड, आणि गळती जोडाशीच होते. धुळ्याला नथ्थू पत्रेवाल्याकडे दहा फुटी मशीन होतं. आबा आणि मी धुळ्याला गेलो आणि तीन लांब नाल्या एस.टी.च्या टपावर बांधून आणल्या.

"हे काय, भाऊ?" कंडक्टरने आबांना विचारलं.

"पावसाचा रस्ता."

"रस्त्याला तिकीट लागेल. तीस फूट आहे, दोन फुल काढा."

परसातून पाणी पुढे कुठे सोडायचं, हा मोठा प्रश्न. समोरचा रस्ता दर वर्षी डांबर पडून पडून आमच्या अंगणापेक्षा नऊ इंच वर गेला होता. मागे मगन टेलरची भिंत. म्हणून मी एका सरकारी पत्रकात वाचलेला शोषखड्डा घेतला. चार फूट लांब, चार रुंद, पाच खोल, आणि आत विटांचे तुकडे. खड्ड्यातलं पाणी जमीन पिऊन घेते.

मे महिन्यात चाचणी झाली. देवचंदचा ट्रॅक्टर बांधकामाचं मचूळ पाणी वाहायचा. त्याने एक टँकर गल्लीत उभा केला. गल्लीतल्या बायका जिन्यावर रांगेत उभ्या राहिल्या. मी आबांचं घड्याळ घेऊन स्लॅबवर. दर दहा सेकंदांनी एक हंडा.

"ओता!"

पहिला हंडा ओतला तेव्हा सगळ्या गंभीर होत्या. दहाव्याला हसायला लागल्या. पंचविसाव्याला यशोदाबाईने हंडा स्लॅबवर न ओतता द्रौपदाबाईच्या डोक्यावर ओतला.

"तो धरू नका, मोजणीत नाही!" मी ओरडले.

"मी धरी लिधा!" द्रौपदाबाई ओरडली आणि यशोदाबाईच्या मागे धावली. बेचाळीस अंश उन्हात, वीस मिनिटं, आमच्या घरावर एकशे वीस हंडे पाऊस पडला. खाली नालीतून पाणी सळसळत गेलं आणि खड्ड्यात नाहीसं झालं. विटांच्या फटींत मावेल नऊशे लिटर, ओतलं अठराशे, आणि तरी खड्डा रिकामा! मी वहीत लिहिलं, 'जमिनीची शोषणक्षमता उत्कृष्ट'. खाली दुहेरी रेघ मारली.

अक्का बाहेर आली, भिंतीवरून हात फिरवला. कोरडी. ती कोंबड्यांना म्हणाली, "पोर हुशार शे."

मी आठवडाभर हवेत होते. जूनमध्ये तीन सरी झाल्या आणि मी खड्ड्यात उभ्या ठेवलेल्या नळीत तार घालून पातळी पाहिली. पाणी होतं. दुसऱ्या दिवशीही होतं. चोवीस तासांत फक्त एक इंच उतरलं होतं.

मी आबांकडे धावले. आबा शांतपणे म्हणाले, "काळी माती आहे ना. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा असतात. ओली झाली की फुगते, भेगा बुजतात, मग थेंब घेत नाही. म्हणून तर खांबाच्या पायाशी आम्ही मुरूम भरतो."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू बी.एस्सी. मला वाटलं, तू धरलं असशील."

देवचंदला विचारलं. "ताई, आमी शेतकरी मानसं. तुमले काय शिकाडाव?" झुलाल नाना तर म्हणाले, "माले वाटनं, तू खड्डामा काही केमिकल टाकेल व्हई."

सबंध गल्लीला ठाऊक होतं. मी प्रयोग एकदा केला होता, तोही चुकीच्या महिन्यात, आणि गल्लीने माझ्या पदवीकडे पाहून टाळ्या वाजवल्या होत्या.

आता हिशेब सोपा होता. मोठा पाऊस आला, तर रिकामा खड्डाही साडेनऊ मिनिटांत भरणार. पुढचं पाणी उताराने बोळीत, म्हणजे थेट अक्काच्या भिंतीच्या पायाशी. सुटकेची वाट एकच. अक्काच्या परसामागे नाला होता. आमच्या आणि तिच्या परसामध्ये नुसतं कपाशीच्या पऱ्हाट्यांचं कुंपण. तिच्या परसातून चर काढला की झालं. पण त्यासाठी तिला विचारायला हवं होतं.

"मी नही इचारनार," आई म्हणाली.

"मी विचारते."

"तू बी नही. घरनं घरमा."

आबांना त्याच क्षणी लाइनवर जायचं आठवलं.

असे तीन आठवडे कोरडेच गेले. जुलैतल्या एका रविवारी दुपारी दोनला आकाश काळं झालं आणि पाऊस असा कोसळला की समोरचं घर दिसेना. मी परसात घड्याळ घेऊन उभी. नाली काठोकाठ वाहत होती, एक थेंब बाहेर नाही, काय सुंदर उतार! पाच मिनिटं. सात. नवव्या मिनिटाला विटांमधून बुडबुडे आले. दहाव्याला खड्डा भरून वाहू लागला आणि पाणी बोळीकडे वळलं.

"आई!" मी किंचाळले.

आई धावत आली, पाण्याकडे पाहिलं, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा कुंपणावरून हाक मारली. "भागा! कुदळ आन!"

पलीकडून इतक्या लगेच उत्तर आलं, की अक्का कुंपणाला चिकटूनच उभी असणार. "कोनती? मोठी का धाकली?"

"दोन्ही!"

पऱ्हाट्या उपटल्या. अक्का तिकडून, आई इकडून खणायला लागल्या. मी ओरडत होते, "एकास शंभर उतार ठेवा!"

"पानीले इचार," अक्का म्हणाली. "त्याले बठ्ठं ठाऊक शे." तिने टाचेने चिखलात रेघ ओढली. पाणी दोन पावलं त्या रेघेतून गेलं, मग डावीकडे वळलं. अक्काने त्याच्यामागे कुदळ चालवली.

"मन्ह्या वांगा गयात वं पुष्पा!"

"वांगा मी देसू. पन तुन्ही भाचीनं लगीन व्हयनं, माले सांगं बी नही!"

"कोंबडीस्ले सांगं व्हतं! तू आयकं नही?"

"आयकं! पन हुंडा कितला, ते कोंबड्या नही सांगन्यात!"

झुलाल नाना छत्री घेऊन दारात उभे राहून दोघींना खोली सुचवत होते. कुणी त्यांचं ऐकत नव्हतं, माझंही नाही. चर वाकडातिकडा झाला, मी काढला असता त्याच्या दीडपट लांब. पाणी त्यातून सरळ नाल्याकडे पळालं.

चाळीस मिनिटांनी पाऊस ओसरला. मी बोळीत शिरले. भिंत उभी होती, पोटासकट. पायाशी हात लावून पाहिला.

"अक्का, फक्त चार बोटं ओल चढलीय!"

"कोनी बोटं?"

"माझी."

अक्का माझ्यामागे बोळीत घुसली. चिखलाचा हात पदराला पुसून तिने तो भिंतीला आडवा लावला. "मन्ही तं तीनच."

मग आईही घुसली. दोन फुटांच्या बोळीत आम्ही तिघी अडकलो, आणि आईने मोजून सांगितलं, "साडेतीन."

"साडेतीन कशी? तू करंगळी वाकडी धरी ऱ्हायनी!"

"तुन्हा हात भाकरीनागत जाडा शे, त्याले मी काय करू?"

दोघी इतक्या हसल्या की बाहेर पडता येईना. मी वही छातीशी ओली होऊ नये म्हणून धरली होती, ती तशीच उघडली आणि तिघींची सरासरी लिहिली. साडेतीन बोटं.