थंडीच्या गावाला गेलेले ब्लँकेट

मी एक जुने, निळे ब्लँकेट आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी फार थकले आहे. माझ्या अंगाखाली किती माणसे घोरली याची गणती कोणी ठेवली नाही. मला स्वतःला मात्र झोप ठाऊक नव्हती. आकाशात असले की माणसांना झोपवायचे आणि जमिनीवर उतरले की धुलाईच्या यंत्रात गरगर फिरायचे, असे माझे आयुष्य गेले. तेव्हा बोलता बोलता माझा आवाज खाली गेला किंवा एखादी गोष्ट मी तुसडेपणाने सांगितली, तर राग मानू नका.

माझा जन्म पानिपतचा. नाव ऐकून लगेच तोंडे पाडू नका. आता तिथे लढाया होत नाहीत, ब्लँकेटे विणतात. मला विणले तेच युरोपच्या थंडीसाठी. त्या वर्षी एका विमान कंपनीने युरोपातल्या तीन नव्या शहरांना विमाने सुरू करायचे ठरवले होते. कंपनीचे नाव सांगत नाही. माझ्या कोपऱ्यावर ते पांढऱ्या दोऱ्याने भरलेले होते, पण धुऊन धुऊन आता तिथे नुसता दोऱ्यांचा गुंता राहिला आहे.

त्या बाजूला दुसरी एक कंपनी आधीपासून जात होती. तिची विमाने नवी आणि तिकिटे स्वस्त. आमच्या साहेबांनी विचार केला, तिकिटात हरलो तर उबेत जिंकू. समोरची कंपनी प्रवाशांना अगदी पातळ पांघरुणे द्यायची. डोके झाकावे तर पाय उघडे पडायचे. म्हणून साहेबांनी आम्हाला चांगली लोकर घालून, लांबरुंद विणून घेतले. भिवंडीच्या वाटेवर, कशेळीच्या पुलाजवळ मोठा फलक लागला. त्यावर एक गोंडस बाळ माझ्यासारख्या ब्लँकेटात झोपले होते आणि खाली लिहिले होते, ‘युरोप दूर, ऊब जवळ.’ महिन्याभरात समोरच्या कंपनीने त्याच्या शेजारीच आपला फलक लावला. त्यावर दोन बाळे होती आणि उशीसुद्धा होती. आमचा ट्रक रोज त्या दोन फलकांखाली वाहतुकीत अडकायचा आणि ड्रायव्हर तिन्ही बाळांकडे बघत जांभया द्यायचा.

आमचा मुक्काम भिवंडीजवळ, अंजूरच्या शिवारातल्या एका गोदामात होता. विमानातून गोळा केलेली ब्लँकेटे पोत्यांत भरून तिथे यायची. एकाला अत्तराचा वास, दुसऱ्याला बाळाच्या दुधाचा, तिसऱ्याला आणखी कशाचा. तिथे आम्हाला धुवायचे, वाळवायचे, घड्या घालायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचे आणि पुन्हा विमानतळाकडे पाठवायचे. प्रवाशाला वाटे, पिशवी आपणच पहिल्यांदा फोडतो आहोत. वाटू दे बिचाऱ्याला.

घड्यांच्या लांब टेबलापाशी दहा-बारा बायका उभ्या असत. त्यांत सगळ्यांत वयस्कर होती आनंदीबाई. ती अंजूरचीच. गोदाम उभे आहे ती जमीन पूर्वी तिच्या सासरची होती. जिथे वाकून तिने भाताची आवणी केली, तिथेच आता ती फरशीवर उभी राहून आमच्या घड्या घालायची. शेताचा बांध गेला, पण बांधावर तिच्या सासऱ्यांनी लावलेले कडुलिंबाचे झाड गेटपाशी तसेच राहिले होते. कामावर येताना ती त्याच्या खोडाला हात लावूनच आत यायची. तिच्या शेजारी उभी असायची वळ गावची शेवंता. वयाने लहान, तोंडाने फटकळ. तिच्या एकटीच्या पगारावर घर चालत होते. आनंदीबाईचे गुडघे दुखायला लागले की शेवंता तिला म्हणायची, की बाय, तू आता निळी पांघरुणे सोड आणि घरी नातवंडांना पांघरूण घाल. आनंदीबाई नुसती हसायची.

गोदामात एक नियम भिंतीवर लाल अक्षरांत लिहिला होता. प्रवाशांची ब्लँकेटे कामगारांनी अंगावर घ्यायची नाहीत. एका पावसाळ्यात आनंदीबाई भिजून कामावर आली. तिला ताप होता आणि दात वाजत होते. समोर आमचा छातीला लागेल एवढा ढीग होता. शेवंता म्हणाली, घे एखादे पाठीवर, कोण बघतंय. आनंदीबाईने मान हलवली आणि कुडकुडत आमच्या घड्या घालत राहिली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या उबेची लाज वाटली.

त्याच पावसाळ्यात आम्हाला कसर लागली. लोकर म्हटली की कसर आलीच, त्यात भिवंडीची दमट हवा. बारीकशी कीड, पण रांगच्या रांग खाऊन जाते. एका प्रवाशाने ब्लँकेटच्या भोकातून बोट बाहेर काढून फोटो काढला. विमान कंपनीकडून मृणाली नावाची अधिकारी गोदामात आली. वय फार नाही, हातात कायम दोन फोन. तिने गोदामाचा सुपरवायझर विशाल याला सांगितले, की पुन्हा तक्रार आली तर हे काम दुसऱ्या गोदामाला जाईल. म्हणजे घड्यांचे टेबलच बंद होणार होते. बायकांनी ते ऐकले आणि त्या दिवशी डबे तसेच घरी परत गेले.

विशालने आमच्यात डांबराच्या गोळ्या टाकून पाहिल्या. प्रवासी म्हणू लागले, विमानात बसलो आहोत की जुन्या कपाटात? गोळ्या बंद झाल्या. मग आनंदीबाईने तिच्या घरी वर्षानुवर्षे चालत आले होते तेच केले. गेटवरच्या झाडाचा पाला आणला, सावलीत सुकवला आणि मांडणीवर ठेवलेल्या आमच्या घड्यांमध्ये एकेक डहाळी घातली. पिशवीत भरायच्या आधी आम्हाला झटकून ती डहाळी काढून टाकायची. बाकीच्या बायकाही तसेच करू लागल्या. विशालने पाहिले आणि दुसरीकडे पाहिले. भोके पडायची थांबली. मला तो कडू वास आवडायचा.

तोपर्यंत युरोपातली पहिली दोन शहरे सुरू झाली होती. दोन्ही कंपन्यांची विमाने एकामागोमाग निघायची. आमची अर्धी रिकामी, त्यांचीही अर्धी रिकामी, पण कोणी मागे हटेना. तिसरे शहर अगदी उत्तरेकडचे होते. त्याचे नाव कोणालाच धड घेता येईना, म्हणून टेबलावरच्या बायका त्याला थंडीचे गाव म्हणू लागल्या. शेवंताने फोनवर तिथला बर्फ दाखवला, तेव्हा आनंदीबाई बराच वेळ बघत राहिली.

तेवढ्यात समोरच्या कंपनीनेही त्याच गावाला जायचे जाहीर केले, तेही आमच्या आधी. झाले. आमच्या साहेबांनी तारीख अलीकडे ओढली आणि सगळी धावपळ अंजूरच्या टेबलावर येऊन पडली. विशाल ओरडत होता, बायका भरत होत्या. मध्येच आनंदीबाईने त्याला विचारले, की ही पांघरुणे तिथे गेल्यावर लगेच वापरणार का. तो घाईत म्हणाला, की काही वापरतील, बाकीची तिकडे साठवून ठेवतील.

साठवून ठेवतील, एवढेच तिच्या मनात राहिले. एवढ्या लांब, परक्या मुलखात, कोण झटकणार आणि कोण बघणार? तिने शेवंताला हळूच सांगितले, की या खेपेला पाला काढायचा नाही. शेवंताने पुढच्या बाईला सांगितले. टेबलभर ते पोहोचले. अशा रीतीने माझ्या घडीत कडुलिंबाची डहाळी राहिली आणि पिशवीचे तोंड बंद झाले. घरची माणसे गावाला जाणाऱ्याच्या पिशवीत न सांगता काहीतरी घालतात ना, तसेच ते होते. तिला वाटले, आपण काम राखले.

पहिल्या विमानाला झेंडूच्या माळा होत्या. कोणीतरी केक कापला. मी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या वाट्याला आले. त्यांनी पिशवी फोडली आणि पाला त्यांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो नाकाशी धरला आणि हसले. बहुधा त्यांच्याही घरात कधी तो वास असेल. पण शेजारच्या प्रवाशाने फोटो काढला. मग पुढच्या रांगेत पाला निघाला, मागच्या रांगेत निघाला, आणि हवाई सुंदऱ्या पिशव्या गोळा करत धावू लागल्या.

थंडीच्या गावी उतरलो तेव्हा तपासनीस हातमोजे घालून उभे होते. रागावले नाहीत, पण नियम म्हणजे नियम. परदेशी झाडाचा पाला, त्यातून एखादी कीड आपल्या शेतात यायला नको. म्हणजे बघा, किडीच्या भीतीने ठेवलेला पाला किडीच्याच भीतीने पकडला गेला. आम्हा सगळ्यांना पोत्यांत घालून सील केले आणि परत पाठवून दिले. परतीच्या विमानात प्रवाशांना पांघरूणच नव्हते. लोक कोट घालून कुडकुडत बसले. समोरच्या कंपनीने दुसऱ्याच दिवशी जाहिरात दिली, ‘आमच्याकडे फक्त ऊब. पालापाचोळा नाही.’

मृणाली पुन्हा अंजूरला आली. मला तिने पोत्यातून काढून टेबलावर ठेवले. नमुना म्हणून तपासनीसांनी फक्त मलाच लावलेले लाल लेबल अजून माझ्या अंगावर होते. तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. माझ्यासारखीच तीही झोपली नसावी.

“हे कोणी केलं, एवढंच सांगा,” ती म्हणाली. “नाव मिळालं तर काम इथंच राहील. नाही मिळालं तर सोमवारपासून गाड्या दुसरीकडे जातील.”

विशाल जमिनीकडे बघत होता. शेवंताने बोलायला तोंड उघडले. तेवढ्यात आनंदीबाईने माझ्याखाली तिचा हात घट्ट दाबला. मला तो दाब अजून आठवतो.

“पाला मी ठेवला,” आनंदीबाई म्हणाली. “झाड माजे सासऱ्याचा हाय. बाकी कुनाला ठाव न्हाय.”

“पण का?”

“आमचे घरान गरम कापड पाल्याबिगर न्हाय ठेवत. एवढ्या लांब नुसता कसा धाडायचा?”

मृणालीने हातातले फोन टेबलावर ठेवले. मग म्हणाली, “मला तुमचं नाव द्यावंच लागेल, मावशी.”

“दे ना. नाव दिलास त टेबल ऱ्हाते ना?”

टेबल राहिले. आनंदीबाई गेली. जायच्या आधी तिने मला टेबलावरून उचलले, कारण मृणालीने मला चुरगळूनच ठेवले होते. नीट घडी घातली, वरून एकदा हात फिरवला आणि मांडणीवर ठेवले. गेटपाशी झाडाच्या खोडाला तिने हात लावला की नाही, ते मला आतून दिसले नाही.

झाड तोडायचाही हुकूम आला होता. विशालने गेटकडच्या दोन फांद्या छाटल्या आणि त्यांचाच फोटो पाठवून दिला. पुढच्या चैत्रात तिथे पुन्हा पालवी आली.

पुढची गोष्ट सांगायला मला खरेच कंटाळा येतो. कंपनीने लोकर सोडून दिली. आता दोन्ही कंपन्या पातळ, प्लास्टिकच्या धाग्याची पांघरुणे देतात. त्यांना कसर लागत नाही आणि त्यांत पायही झाकले जात नाहीत. फलक उतरले. थंडीच्या गावासाठी दोघी वर्षभर भांडल्या, तिकिटे पाडत राहिल्या, आणि मग दोघींनीही तिथे जाणे बंद केले. ज्या गावापायी आनंदीबाईचे काम गेले, तिथे आता दोघींपैकी कोणाचेच विमान जात नाही.

आम्ही लोकरीची ब्लँकेटे गोदामाच्या कोपऱ्यात पडून होतो. एक दिवस विशालने बायकांना सांगितले, एकेक घरी घेऊन जा. शेवंताने सगळा ढीग उपसला. तिला लाल लेबलवालेच हवे होते. मी सापडले तशी ती मला काखेत घेऊन चालत अंजूर गावात गेली.

आनंदीबाई ओटीवरच्या लोखंडी खाटेवर बसली होती. तिने मला ओळखले. माझ्यावरचे लेबल खरवडून काढले, माझा वास घेतला आणि सवयीने घडी घालायला लागली.

“घडी नको घालू, बाय,” शेवंता म्हणाली. “अंगावर घे. हितं कुनाचा नियम न्हाय.”

आनंदीबाईचे हात थांबले. मित्रांनो, या बाईने माझ्या किती घड्या घातल्या असतील, पण मला एकदाही पांघरले नव्हते. ती लाजली. मग आडवी झाली, आणि शेवंताने मला तिच्या अंगावर पसरले. तिचे पाय झाकले गेले, खांदेही झाकले गेले. मला तेवढ्यासाठीच तर लांबरुंद विणले होते.

तुम्ही कधीतरी विमानात बसालच. उतरताना पांघरूण पायाखाली टाकू नका. साधी घडी घालून ठेवा. वाकून ते उचलणाऱ्या बाईचे गुडघे दुखत असतील. आणि तिला कधी थंडी वाजते का, तेही कोणीतरी विचारत जा.

आता मला आणखी काही विचारू नका. जायचे असेल तर पाय न वाजवता जा. आनंदीबाईचा डोळा लागला आहे. मलाही आज पहिल्यांदाच झोप येते आहे.