सुकटीच्या डब्यावरचे पान

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. मित्रांनो, माझ्यात हजारो शब्द आहेत, पण मी भारी भित्रा आहे. असा का झालो ते ऐका.

माझा जन्म मुंबईच्या छापखान्यातला. मालवणच्या शाळेत सत्यवानाला मी बक्षीस मिळालो. तारकर्लीच्या त्याच्या घरी काय माझा थाट होता! पुढे तो मुंबईला गिरणीत लागला, गिरणीच्या संघातून फुटबॉल खेळू लागला, आणि मी फळीवर धूळ खात पडलो. एकदा तर त्याच्या बायकोने, मथुराने, सुकटीच्या डब्यावर झाकायला माझे एक पान टरकन फाडले. मला फार लागले.

१९५८ च्या श्रावणात टपालाने मुंबईचे इंग्रजी वर्तमानपत्र आले. सोबत चिठ्ठी नव्हती. फक्त खेळाच्या पानावर सत्यवानाच्या नावाखाली तांबडी रेघ होती.

मथुरा इंग्रजी दोन यत्ता शिकलेली. तिने मला खाली काढले. नावापुढे 'लेफ्ट फॉर डेड' असे छापले होते. ती एकेक शब्द शोधू लागली. लेफ्ट, म्हणजे सोडलेला. डेड, म्हणजे मेलेला. 

"काय लिवलाहा गो?" सासऱ्यांनी, धोंडूंनी, विचारले.

"मेलेलो समजान सोडून दिल्यानी, असा लिवलाहा," ती कशीबशी बोलली.

मरणाची बातमी आली की आधी डोक्यावरून आंघोळ करायची. धोंडू विहिरीकडे गेले. रहाट वाजू लागला. आता मथुराचे कुंकू पुसले जाणार, तेही माझ्या शब्दांमुळे! मी भीतीने गारठलो. खरा अर्थ मला ठाऊक होता, पण तो त्या फाडलेल्या पानावर होता.

विश्वास बसेना म्हणून मथुराने पुन्हा 'डेड' काढला. खाली बारीक अक्षरांत होते, 'खेळातील वाक्प्रचार पुढील पानी पाहा.' तिने उलटून पाहिले. तिथे नुसती फाटकी कड होती.

"मामंजी, पाणी ओतू नकात! तां पान मीच फाडलंय!"

ती स्वयंपाकघरात धावली. श्रावणात मासळी वर्ज्य, म्हणून सुकटीला कोणी हात लावला नव्हता. पान जागेवर होते. त्यावर लिहिले होते, 'प्रतिस्पर्ध्याने वेगाने चकवून मागे टाकलेला.'

"तेंका काय एक झाला नाय! खेळात मागे पडले, इतक्याच!"

भरलेली घागर तशीच खाली ठेवून धोंडू विहिरीच्या कठड्यावर बसले, आणि मग रडले.

चतुर्थीला सत्यवान आला. नाव छापून आले म्हणून त्याच्या मित्राने हौसेने अंक धाडला होता. सगळे ऐकून सत्यवान पोट धरून हसला. मथुरा हसली नाही. तिने खळ करून ते पान मला चिकटवले. त्याला अजून सुकटीचा वास येतो.

मित्रांनो, पुस्तकाचे पान फाडू नका. मला तोंड नाही. पान गेले की मला नुसते भिता येते.